गहू, बाळाचं पोट आणि कारण शोधण्याची सव्वाशे वर्षं

वरच्या अन्नाला सुरुवात झाली की बाळाचं पोट थोडंफार बिघडतंच. शी घट्ट होते, कधी पातळ होते, गॅस धरतो, रात्री बाळ किरकिरतं. आजी बेंबीभोवती हिंग लावते, आई पेज थोडी पातळ करते आणि काही दिवसांत आतडी नव्या अन्नाला सरावतात. बहुतेक बाळांची गोष्ट इथेच संपते.

काही बाळांची मात्र संपत नाही. सहा-सात महिन्यांपर्यंत छान बाळसं धरलेलं मूल वरचं खायला लागल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उतरायला लागतं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्यांसारखे. शी फिकट, भरपूर आणि दुर्गंधीची. वजनाचा काटा एकतर थांबलेला, नाहीतर मागे सरकणारा. आज आपण याला सीलिॲक आजार म्हणतो. गहू, राय आणि बार्ली यांतली ग्लुटेन नावाची प्रथिनं याला कारणीभूत आहेत, हेही आता कोणीही फोनवर शोधून सांगेल. पण हे एक वाक्य खात्रीने लिहिता यायला डॉक्टरांना १८८८ पासून १९५० पर्यंत वाट पाहावी लागली. आणि 'मग बाळाला गहू कधी सुरू करायचा?' या पुढच्या प्रश्नाने आणखी साठ-पासष्ट वर्षं खाल्ली.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, काहींची सिनॉप्सिस अडकली आहे. तुमचा विषय बालरोग नसेल, तरी हा इतिहास वाचा. यातली माणसं हुशार होती, प्रामाणिक होती, पेशंटसाठी झटणारी होती. तरीही ती चुकली, आणि बहुतेक वेळा एकाच जागी चुकली: 'मूल बरं झालं' इथून 'अमुक गोष्टीमुळे बरं झालं' इथपर्यंत उडी मारताना. ही उडी आपण सगळेच मारतो.

भात बंद, टोस्ट चालेल

सीलिॲक हा शब्द पोटासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला. कप्पाडोशियाचा वैद्य अरेटेअस याने प्राचीन काळीच अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. पण लहान मुलांमधलं नेमकं, आधुनिक वर्णन मिळतं ते लंडनच्या डॉ. सॅम्युएल जी यांच्याकडून. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी १८८७ मध्ये व्याख्यान दिलं आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. हा आजार विशेषतः १ ते ५ वर्षांच्या मुलांत दिसतो, हे त्यांनी नोंदवलं. रुग्ण बरा होणारच असेल तर तो आहारानेच होईल, असंही ठामपणे म्हटलं.

दिशा अगदी बरोबर होती. आता तपशील बघा. पिठूळ पदार्थ कमी द्या, असं ते सांगतात. मग भात, साबुदाणा आणि कॉर्नफ्लोअर नको म्हणतात. पण ब्रेडचा पातळ काप दोन्ही बाजूंनी नीट भाजून दिलेला चालेल! म्हणजे निरुपद्रवी ते बंद आणि नेमका अपराधी ताटात. ज्या घरात बाळाची सुरुवातच भाताच्या पेजेने होते, तिथल्या माणसाला हे वाचून हसू येतं. पण थोडं थांबा. जी यांच्यासमोर 'पिठूळ पदार्थ' ही एकच पेटी होती. तांदूळ आणि गहू वेगवेगळ्या पेट्यांत टाकायचं कारणच त्यांना दिसत नव्हतं.

त्याच व्याख्यानात एका मुलाची गोष्ट आहे. त्याला रोज भरपूर डच शिंपले खायला दिले आणि तो छान सुधारला. हंगाम संपला, शिंपले बंद झाले आणि आजार उलटला. पुढच्या हंगामात मात्र पोरगं शिंपले खायला तयारच होईना. इथे प्रश्न असा: मूल शिंपल्यांमुळे सुधारलं, की शिंपल्यांनी पोट भरल्यामुळे जे पोटात जायचं राहिलं त्यामुळे? आहारात एक गोष्ट वाढवली की दुसरी आपोआप कमी होते. पुढच्या पन्नास वर्षांचा घोळ या एका वाक्यात आहे.

केळ्याने बरी झालेली मुलं

१९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी एक पेपर प्रसिद्ध केला. दहा मुलं होती. आठ जणांना केळ्यांचा आहार दिला, आठही सुधारली. हा उपचार न मिळालेली दोन दगावली. ज्या आजारावर कोणाकडे काहीच नव्हतं, तिथे हे किती मोठं वाटलं असेल! केळ्यांचा आहार पुढची अनेक वर्षं अमेरिकेत मुख्य उपचार बनला आणि त्याने मुलं खरोखर वाचली.

हास यांच्या आहारात केळी होती, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यात काय नव्हतं, ते कमी लोक बघतात. ब्रेड, बिस्किटं, बटाटे आणि सगळी धान्यं बंद होती. म्हणजे गहू गेलाच होता. पण सोबत इतकं काही गेलं होतं की श्रेय कोणाला द्यायचं ते कळणं शक्य नव्हतं, आणि ताटात ठळक दिसणाऱ्या पिवळ्या फळाने ते घेतलं.

याहून चुटपुट लावणारी गोष्ट पुढे आहे. हास यांनी पोर्टो रिकोमधल्या एका निरीक्षणाचा आधार घेतला होता. तिथे शहरात राहणाऱ्या, भरपूर ब्रेड खाणाऱ्या लोकांना स्प्रू नावाचा पोटाचा आजार व्हायचा. शेतावरच्या, मुख्यतः केळ्यांवर जगणाऱ्या लोकांना होत नसे. हे वाक्य दोन बाजूंनी वाचता येतं. केळी वाचवतात, किंवा ब्रेड बाधतो. हास यांनी पहिलं वाचन निवडलं. एकाच डेटात दोन गृहीतकं बसत होती आणि दुसरं तपासलंच गेलं नाही.

याची किंमत मुलांनी मोजली. केळ्यांमुळे आजार 'बरा होतो' असं मानलं, की काही काळाने नेहमीचं जेवण सुरू करायला हरकत नाही असं वाटतं. गहू परत यायचा आणि पाठोपाठ त्रासही. उपाय लागू पडला होता, पण कारण चुकीचं धरल्यामुळे तो किती दिवस पाळायचा हे सांगता येत नव्हतं. एखाद्या पुनरावलोकनकर्त्याने 'मेकॅनिझम काय?' असं विचारलं की आपण वैतागतो. त्याचं उत्तर का लागतं, ते इथे दिसतं.

भुकेचा हिवाळा: आवडती, पण अर्धी गोष्ट

यानंतरची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. दुसरं महायुद्ध, नेदरलँड्स. सप्टेंबर १९४४ मध्ये रेल्वेचा संप झाला, जर्मनांनी अन्नाची वाहतूक रोखली आणि पश्चिम भागात भीषण उपासमार सुरू झाली. माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. सुमारे वीस हजार माणसं मेली. सगळी मुलं वाळत असताना सीलिॲकची मुलं मात्र सुधारायला लागली, कारण ब्रेडच मिळत नव्हता. १९४५ मध्ये मदतीचा ब्रेड आला आणि ती पुन्हा आजारी पडली. हे बघून हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांच्या डोक्यात प्रकाश पडला, अशी ही गोष्ट.

मीही ही गोष्ट एका सेमिनारमध्ये याच क्रमाने, रंगवून सांगितली होती. टाळ्या पडल्या. नंतर मूळ तारखा बघायला गेलो आणि खजील झालो. डिके यांचा गहू वगळलेल्या आहारावरचा डच लेख १९४१ चा आहे. म्हणजे भुकेचा हिवाळा यायच्या तीन वर्षं आधीचा! ब्रेड आणि रस्क नको, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. डिके १९३६ मध्ये, जेमतेम एकतिसाव्या वर्षी, हेगच्या युलियाना मुलांच्या हॉस्पिटलचे संचालक झाले. गव्हाबद्दलचा त्यांचा संशय तिशीच्या दशकातलाच. १९९३ मध्ये 'गट' या नियतकालिकात डच डॉक्टरांनी डिके यांच्यावर लेख लिहून हा क्रम मांडला.

म्हणजे युद्धाने कल्पना दिली नाही, आधीपासूनच्या कल्पनेला बळ दिलं. फरक छोटा वाटतो, पण आहे मोठा. कारण त्या हिवाळ्यात ब्रेडबरोबर दूध, लोणी, मांस, साखर, एकूण खाणंच कमी झालं होतं. नुसत्या त्या निरीक्षणावरून कोणी 'चरबी कमी झाली म्हणून मुलं सुधारली' असंही म्हणू शकला असता, आणि तेव्हाचे बरेच डॉक्टर म्हणालेही असते. शीत चरबी दिसायची म्हणून चरबीवर संशय होताच. गव्हाचा प्रश्न ज्याच्या मनात आधीपासून होता, त्यालाच त्या गोंधळातला गहू दिसला.

डिके यांनी नेमकं काय केलं

डिके यांचं मोठेपण प्रकाश पडण्यात नाही, त्यानंतर केलेल्या कंटाळवाण्या कामात आहे. १९५० मध्ये त्यांनी उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला. विषय: काही धान्यांचा सीलिॲकच्या रुग्णांवर होणारा अपायकारक परिणाम. (हो, हा एका पीएचडीचाच विषय होता. वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास. आपल्याला अजून वेळ आहे!)

पद्धत अशी. मूल वॉर्डात ठेवायचं. आहार ठरलेला, मोजलेला. आधी गहू नसलेला, मग गहू असलेला, मग पुन्हा नसलेला. बाकी शक्य तितकं तेच ठेवायचं. वजनाचे आलेख काढत राहायचे. एकच मूल स्वतःचं कंट्रोल. घाई इथे चालत नाही, कारण गहू दिल्यावर त्रास नेहमीच त्याच दिवशी होत नाही. काही दिवस, कधी काही आठवडे जातात. आधीच्या डॉक्टरांना कारण सापडलं नाही त्याचं एक कारण हेच असावं: सोमवारी खाल्लेल्या ब्रेडचा संबंध पुढच्या पंधरवड्यातल्या जुलाबाशी कोण लावणार?

नुसत्या 'बरं वाटतंय'वर ते थांबले नाहीत. उट्रेख्टमधले जीवरसायनशास्त्रज्ञ यान फान दे कामर यांनी शीतली चरबी मोजण्याची सुटसुटीत पद्धत १९४९ मध्ये प्रसिद्ध केली होती. नमुना अल्कोहोलमधल्या पोटॅशसोबत उकळायचा, म्हणजे चरबीचं साबणीकरण होतं. मग आम्ल घालून फॅटी ॲसिड मोकळी करायची, पेट्रोलियम ईथरमध्ये उचलायची आणि टायट्रेट करायची. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये बसेल असं हे काम. खाल्लेली चरबी माहीत, बाहेर पडलेली माहीत. वजाबाकी केली की शोषली किती ते टक्क्यात कळतं. आहारात गहू आला की ही टक्केवारी घसरायची, गहू काढला की वर यायची.

पुढचा प्रश्न: गव्हातलं नेमकं काय? तुमच्या घरी कुरडया होत असतील तर हे लगेच कळेल. गहू भिजवून, वाटून, पिळून आपण चीक वेगळा करतो. चीक म्हणजे मुख्यतः स्टार्च. कोंडा आणि बरंचसं चिकट प्रथिन चोथ्यात जातं. डिके, फान दे कामर आणि त्यांचे सहकारी वेयर्स यांनी मुलांना हेच भाग वेगवेगळे देऊन पाहिले. स्टार्चने काही झालं नाही. त्रास झाला तो ग्लुटेनने, आणि त्यातही ग्लायडिन नावाच्या प्रथिनाने. १९५२ मध्ये बर्मिंगहॅममधल्या शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे ग्लुटेनवरच बोट ठेवलं. दोन देश, दोन गट, एकच उत्तर. (घरच्या चिकात ग्लुटेन उरतंच, तेव्हा सीलिॲकच्या रुग्णाला कुरडई चालेल असा अर्थ कृपया काढू नका.)

आतड्यात काय घडतं ते दिसायला अजून काही वर्षं लागली. १९५६ मध्ये मार्गो शायनर यांनी नळीच्या साहाय्याने लहान आतड्याच्या वरच्या भागाचा तुकडा काढून दाखवला. १९५७ मध्ये क्रॉस्बी कॅप्सूल आली. अन्न शोषून घेणारे आतड्याचे बारीक केसासारखे उंचवटे या रुग्णांत झिजून सपाट झालेले दिसले. शीत चरबी का येते त्याचं उत्तर इथे मिळालं. चरबी हा अपराधी नव्हताच, ती फक्त न शोषता पुढे जात होती. लक्षणात जे दिसतं तेच कारण असेल असं नाही.

स्वीडनची बाळं

आता गोष्ट खऱ्या अर्थाने वरच्या अन्नाच्या वेळेवर येते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर स्वीडनमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांत सीलिॲकचं प्रमाण काही वर्षांत सुमारे चौपट झालं. जुलाब, फुगलेलं पोट, न वाढणारी बाळं. दहा वर्षं हे चाललं आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर प्रमाण तितक्याच झपाट्याने खाली आलं. जनुकं दहा वर्षांत वर-खाली होत नाहीत. मग बदललं काय?

अनेली इव्हार्सन आणि सहकाऱ्यांनी हिशोब लावला. १९८२ मध्ये स्वीडनमध्ये सल्ला बदलला होता: ग्लुटेन चौथ्याऐवजी सहाव्या महिन्यापासून द्या. त्याच सुमारास बाजारातल्या बाळांच्या पेजेत पिठाचं प्रमाण वाढलं. आणि सहाव्या महिन्यापर्यंत अनेक बाळांचं अंगावरचं दूध सुटलेलं असायचं. म्हणजे गहू उशिरा, एकदम भरपूर आणि आईच्या दुधाविना. १९९६ मध्ये सल्ला पुन्हा फिरवला: चौथ्या महिन्यापासून थोडं थोडं, अंगावर पाजत असतानाच.

वाचताना पटतं ना? मलाही पटलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासातही तिसऱ्या महिन्याआधी किंवा सातव्यानंतर ग्लुटेन सुरू झालेल्या बाळांत धोका जास्त दिसला. २००८ मध्ये युरोपातल्या बालपचनतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला: ग्लुटेन चार महिन्यांआधी नको, सातव्यानंतर नको आणि स्तनपान चालू असताना द्या. निरीक्षणं एका दिशेने बोट दाखवत होती आणि एक 'सोनेरी खिडकी' आहे असं सगळे मानून चालले.

२०१४: दोन ट्रायल, एक धडा

मग कोणीतरी रँडमाइज केलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले.

पहिला युरोप आणि इस्रायलमधला. घरात सीलिॲक असलेली आणि धोक्याची जनुकं असलेली ९४४ बाळं. निम्म्यांना चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज १०० मिलिग्रॅम ग्लुटेन, बाकीच्यांना प्लासिबो. तीन वर्षांच्या वयात आजार ५.९ टक्के आणि ४.५ टक्के, फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नाही. खिडकीत दिलेल्या ग्लुटेनने संरक्षण मिळालं नाही. स्तनपानानेही धोका कमी झालेला दिसला नाही. (स्तनपानाचे बाकीचे फायदे आहेत तसेच आहेत.)

दुसरा इटलीचा. एका गटाला सहाव्या महिन्यात ग्लुटेन, दुसऱ्याला बाराव्या. दोन वर्षांच्या वयात आजार १२ टक्के विरुद्ध ५ टक्के. वाटतं ना, उशीर केलेला बरा? पण पाच वर्षांच्या वयात दोन्ही गटांत १६ टक्के! उशीर केल्याने आजार पुढे ढकलला गेला, टळला नाही. हा अभ्यास दोन वर्षांवर थांबला असता तर आज कदाचित उलटा सल्ला छापला गेला असता. प्रबंधात 'फॉलो-अपचा कालावधी' ठरवताना ही आकडेवारी आठवा.

मग स्वीडनमध्ये जे घडलं ते खोटं होतं का? नाही. तिथे वेळ, प्रमाण आणि अंगावरचं दूध या तीन गोष्टी एकत्र बदलल्या होत्या. ट्रायलने यातली वेळ जवळपास बाजूला काढली. प्रमाणावरचा संशय मात्र उरला: २०१९ मध्ये धोक्याची जनुकं असलेल्या ६,६०५ मुलांच्या अभ्यासात पहिल्या पाच वर्षांत जास्त ग्लुटेन खाणाऱ्यांत धोका जास्त दिसला. हाही निरीक्षणात्मक अभ्यास आहे, हे आता तुम्हाला सांगायला नको. २०१६ मध्ये युरोपीय संघटनेने सल्ला सैल केला: चार ते बारा महिन्यांत केव्हाही सुरू करा, सुरुवातीला भरमसाठ देऊ नका.

आता तुमची पाळी

एक सराव देतो. २०१६ मध्ये भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांतल्या प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. रक्तात सीलिॲकच्या अँटिबॉडी सापडण्याचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के. धोक्याची जनुकं बाळगणाऱ्यांचं प्रमाण तिन्हीकडे फारसं वेगळं नव्हतं. गहू खाण्याचं प्रमाण मात्र बरंच वेगळं होतं.

पटकन निष्कर्ष काय निघतो, ते तुम्हाला माहीत आहे. तो कदाचित बरोबरही असेल. पण हास यांची केळी आठवा आणि वहीत तीन गोष्टी लिहा. गव्हाबरोबर या तीन भागांत आणखी काय काय बदलतं? याच आकड्यांत बसणारं दुसरं गृहीतक कोणतं? आणि त्या दोघांमध्ये निवाडा करणारा अभ्यास कसा असेल? आपल्या राज्यात एका बाजूला भात, एका बाजूला भाकरी आणि एका बाजूला पोळी खाणारी गावं आहेत. तुम्ही सुरुवात कुठून कराल?

जाता जाता, घरात लहान बाळ असणाऱ्यांसाठी. वरचं अन्न सुरू झाल्यावरची किरकोळ कुरकुर म्हणजे सीलिॲक नव्हे. पण वजन थांबलं, पोट फुगलेलंच राहिलं, जुलाब हटेनात, तर बालरोगतज्ज्ञाकडे न्या. आणि तपासणी होण्याआधी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका. ग्लुटेन पोटात जात नसेल तर रक्ताची तपासणी आणि बायॉप्सी दोन्ही फसवू शकतात. मूल बरं दिसेल, पण कशामुळे ते पुन्हा कळणार नाही.